लंडन ब्रिजखालचं सायलेन्सरपुराण

लंडन ब्रिज बघायला मी लंडनला गेले नाही. ॲरिझोनाच्या वाळवंटात गेले. आणि तिथे जाऊन काय केलं? तर एका बोटीचा सायलेन्सर बदलला! हसू नका. फिनिक्समध्ये नोकरीला आल्यापासूनचा माझा हा सगळ्यात भारी वीकेंड होता.

झालं असं, की माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये एक पन्नाशीचा गृहस्थ बसतो. सोमवार ते शुक्रवार एकदम शिस्तीत, इस्त्रीचा शर्ट, वेळेवर मीटिंग. पण शुक्रवारी चार वाजले की याचं चित्त थाऱ्यावर नसतं. कारण लेक हवासू सिटीत त्याचं छोटंसं घर आहे आणि घराच्या गॅरेजमध्ये त्याची चोवीस फुटी स्पीडबोट. मार्चमधल्या एका शुक्रवारी तो म्हणाला, ‘इंजिनाचं काम काढलंय. बायको आणि मी दोघंच आहोत. तिसरा हात हवाय. येतेस?’ मी काही विचार न करता ‘हो’ म्हणून बसले. तोपर्यंत आयुष्यात स्कूटीचा प्लगसुद्धा बदलला नव्हता, बरं का!

वाळवंटात पूल आणि पुलाखाली पाणी

फिनिक्सहून साधारण साडेतीन तासांचा ड्राइव्ह. आय-१० वरून पश्चिमेला क्वार्ट्झसाइटपर्यंत, मग उत्तरेला वळून पार्करमार्गे. दोन्ही बाजूंना नुसते करडे डोंगर आणि काटेरी झुडपं. आणि मग एका वळणावर अचानक निळंशार पाणी! ‘हवासू’ या शब्दाचा तिथल्या मोहावी लोकांच्या भाषेतला अर्थच ‘निळं’. कोलोरॅडो नदीवर १९३८ मध्ये पार्कर धरण पूर्ण झालं आणि हा तलाव तयार झाला. अलीकडे ॲरिझोना, पलीकडे कॅलिफोर्निया. फिनिक्समध्ये नळाला जे पाणी येतं, त्यातलं बरंचसं कालव्याने इथूनच येतं.

या गावाचा जन्मच मुळी बोटीच्या इंजिनातून झाला, हे मला त्या दिवशी कळलं. रॉबर्ट मॅक्युलॉक नावाचा उद्योगपती चेन-सॉ आणि बोटींची आउटबोर्ड इंजिनं बनवायचा. इंजिनं टेस्ट करायला त्याला जागा हवी होती, ती इथे मिळाली. मग त्याने इथे अख्खं शहरच वसवायला घेतलं. पण या भट्टीत राहायला येणार कोण? (१९९४ च्या जूनमध्ये इथे १२८ फॅरनहाइट, म्हणजे ५३ सेल्सिअसच्या वर तापमान गेलं होतं!) मॅक्युलॉकने शक्कल लढवली. लंडन महापालिकेने १८३१ चा जुना लंडन ब्रिज विकायला काढला होता. पठ्ठ्याने १९६८ मध्ये तो चोवीस लाख साठ हजार डॉलरना विकत घेतला, बाहेरचे दगड नंबर घालून जहाजाने आणले, आत काँक्रीटचा सांगाडा उभा करून त्यावर ते चढवले आणि १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटनही केलं. गंमत म्हणजे पूल कोरड्या जमिनीवर बांधला आणि पाणी खालून नंतर आणलं, चॅनल खोदून! आहे की नाही फंडा?

सायलेन्सरला पाणी का पाजायचं?

शनिवारी सकाळी सात वाजता गॅरेजमध्ये. बोटीचं झाकण उघडलं आणि मी बघतच राहिले. ४५४ क्युबिक इंच, म्हणजे सुमारे साडेसात लिटरचं इंजिन. आपल्या मारुती ८०० ची नऊ इंजिनं एकत्र केली तर एवढं भरतं!

इंजिनाच्या दोन्ही अंगांना लोखंडी, ओबडधोबड, गंजलेले नळकांड्यांचे ठोकळे. हे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. सिलिंडरमधून निघणारा जळता धूर इथे गोळा होतो. त्याच्यावर वळलेला कोपरा बसवलेला असतो, तो रायझर. गाडीत हा पाइप वाऱ्याने थंड होतो. बोटीत इंजिन पेटीत बंद, वारा कुठून येणार? म्हणून मॅनिफोल्डला दुहेरी भिंत असते आणि मधून तलावाचं पाणी खेळवतात. तेच पाणी पुढे रायझरमध्ये धुरात मिसळतं आणि मागच्या बाजूने धुराबरोबर बाहेर पडतं. रायझर उंच असतो, कारण बाहेरचं पाणी उलटं इंजिनात येता कामा नये.

आमच्या बोटीत नेमकं तेच झालं होतं. दोन वर्षांपूर्वी या गृहस्थाने जास्त पॉवरच्या हौसेने नवा कॅमशाफ्ट टाकला. अशा कॅमशाफ्टमध्ये धूर बाहेर टाकणारा आणि हवा आत घेणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा जास्त वेळ एकदम उघडे राहतात. वेगात असताना फायदा. पण इंजिन नुसतं आयडलिंगला असलं की धूर पुढे-मागे हेलकावतो आणि रायझरमधलं पाणी थेंबाथेंबाने मागे ओढलं जातं. कंपनीचे मूळ रायझर आखूड, पाणी धुरात लवकर मिसळणारे. झालं! पाणी सिलिंडरमध्ये. पाणी काही हवेसारखं दबत नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मागच्या उन्हाळ्यात इंजिन असंच बसलं आणि दुरुस्तीत साठवलेले पैसे गेले.

‘या वेळी पाणी शिरलं तर बोट विकायची, असं ठरलंय,’ वहिनी शांतपणे म्हणाल्या. (हो, मी त्यांना मनातल्या मनात वहिनीच म्हणते.) नवरा काही बोलला नाही. पाना शोधत राहिला.

उपाय खोक्यात तयार होता. ॲल्युमिनियमचे नवे मॅनिफोल्ड, आतून मोठ्या आणि गुळगुळीत वाटांचे, वजनाला जुन्यांपेक्षा कितीतरी हलके. आणि लांब रायझर, ज्यांत पाणी धुराला भेटतं ते अगदी शेवटच्या टोकाला. मधला पल्ला कोरडा. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम जपावं लागतं, पण हवासूचं पाणी गोडं.

हात काळे

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपात होते. दादा सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचा. मी मागे लागले की म्हणायचे, ‘तू अभ्यास कर. हात काळे करायचं काम तुझं नाही.’ मी अभ्यास केला, इथवर आले. आणि आता कोपरापर्यंत काळी होऊन गंजलेल्या बोल्टवर तेल मारत होते!

सोळापैकी पंधरा बोल्ट निघाले. सोळावा तुटला. तो काढण्यात अडीच तास आणि दोन ड्रिल बिट गेले. मग पृष्ठभाग घासून लख्ख केला, सरळ पट्टी लावून सपाट आहे का पाहिलं, नवी गॅस्केट्स घातली, टॉर्क पान्याने मधून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं करत तीन फेऱ्यांत बोल्ट आवळले. संध्याकाळी पाण्याचा पाइप जोडून इंजिन सुरू केलं. (कोरडं कधीच सुरू करायचं नाही, पंपातला रबरी इम्पेलर बघता बघता जळतो.) काय तो आवाज! अख्खी गल्ली हलली.

मी सवयीने दोन्ही रायझरवर तळहात ठेवला. आजी दुधाच्या पातेल्याला लावायची तसा. डावा कोमट. उजवा... चटका! ‘बंद करा!’ मी चक्क मराठीत ओरडले. पण त्याला समजलं. इंजिनाच्या मागे, जिथे त्याचा पंजा शिरत नव्हता तिथे माझा हात गेला. पाण्याचा होज वळताना मुडपला होता, उजवीकडे पाणीच पोचत नव्हतं. अजून थोडा वेळ गेला असता तर नवंकोरं सामान भाजून निघालं असतं.

रात्री पावणेआठला, म्हणजे भारतात सव्वाआठच्या सकाळी, बाबांना फोन लावला. सगळं ऐकून म्हणाले, ‘पॅकिंग नवीन टाकलंत ना? मग गरम होऊन गार झालं की परत आवळून घ्या. नाहीतर गळेल.’ थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, ‘हात लावून बघितलंस, ते बरं केलंस.’

पुलाखालची परीक्षा

रविवारी सकाळी बोल्ट परत आवळून बोट पाण्यात सोडली. पुलाखालच्या चॅनलमध्ये वेग वाढवायला बंदी, लाटसुद्धा उठवायची नाही. म्हणजे बोट आयडलिंगवरच न्यायची. म्हणजे जिथे पाणी मागे ओढलं जातं, तीच परीक्षा! डोक्यावर लंडनचे दगड, खाली हिरवट पाणी, आणि आम्ही तिघं गप्प. मागे बसायचं नाही ही घरची सक्त ताकीद. २००३ मध्ये याच चॅनलमधल्या गर्दीत, उघड्या हवेतसुद्धा, बोटींच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाल्याची नोंद सरकारी संशोधकांनी केली आहे. आणि या जुन्या इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही.

अर्धा तास रांगत गेलो, परत आलो. धक्क्याला लागून त्याने आठही स्पार्क प्लग काढले आणि एकेक करून वहिनींच्या हातात दिले. त्या टिश्यूवर ओळीने मांडत गेल्या. एक, दोन, तीन... आठ. आठही कोरडे!

‘ठीक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पुढच्या वर्षी बघू.’

नवरा पहिल्यांदाच हसला. प्लग परत बसवले, चॅनलच्या बाहेर पडलो आणि त्याने थ्रॉटल पुढे ढकलला. पुढचं विचारू नका. माझी टोपी अजून कॅलिफोर्नियाच्या बाजूला तरंगत असेल.

सोमवारी मीटिंगमध्ये बॉसने माझ्या नखांकडे पाहिलं. मी हात टेबलाखाली घेतले नाहीत.

जायचं असेल तर...

कधी : ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात नकोच. मार्चमध्ये कॉलेजच्या पोरांची स्प्रिंग ब्रेकची गर्दी असते.

कसं : फिनिक्स किंवा लास व्हेगासहून गाडीने. व्हेगासहून साधारण अडीच तास.

काय बघाल : पुलाखालचा फूटपाथ आणि तलावाकाठचे छोटे दीपस्तंभ. अमेरिकेतल्या प्रसिद्ध दीपस्तंभांच्या या छोट्या प्रतिकृती रात्री खरोखर चालू असतात.

लक्षात ठेवा : बोट भाड्याने घेतलीत तर इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसू नका, तिथे पोहूही नका.