आधी दाभोळची फेरी, मग तुझी इटली

लालबाग, मुंबई ४०० ०१२
२० नोव्हेंबर

प्रिय संजू,



तू पाठवलेला इटलीचा बेत मिळाला. म्युनिकहून रेल्वेने खाली, ला स्पेझियात मुक्काम, तिथून लोकलने चिंक्वे तेर्रेची पाच गावं, आणि बाबांचा दम टिकला तर पुढे सालेर्नो आणि अमाल्फीचा किनारा. बेत चांगलाच आहे. प्रत्यक्ष त्या गावांत न राहता ला स्पेझियात खोली घ्यायची, पोझितानोऐवजी सालेर्नोत राहायचं, ही काटकसर अस्सल आपल्या घरातली. वीस वर्षं तिकडे राहूनही तू बिघडलेला नाहीस, बरं वाटलं.

पण आता माझा हिशेब ऐक. शेंगेन व्हिसाची फी माणशी ९० युरो, म्हणजे नऊ हजारांवर गेली. तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाचा विमा स्वस्तात मिळत नाही. त्यावर विमान. हे सगळं तू भरशील, मला ठाऊक आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. बाबा प्रत्येक युरोला रुपयांत गुणणार. वीस युरोंचं जेवण समोर आलं की ‘मला भूक नाही’ म्हणून पाव कुरतडत बसणार. आईच्या आजारपणात टॅक्सीचं मीटर बघत बसायचे, आठवतं ना? पैसे तू दिलेस म्हणून ते थांबणार नाही, उलट वाढेल.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची. कोर्निलियाला स्टेशनवरून गावात जायला ३८२ पायऱ्या आहेत. बस आहे, हे मीही वाचलं. पण बाबा बसची वाट पाहत उभे राहतील असं तुला वाटतं? चाळीतले तीन मजले ते अजून दिवसातून दोनदा चढतात, मधल्या वळणावर कठड्याला टेकून, कुणी दिसलं की आपण सहज गप्पा मारायला थांबलोय असं दाखवत.

तरी मी त्यांना फोटो दाखवले. वेर्नात्साचा फोटो त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइल अगदी नाकाशी नेऊन पाहिला. रंगीत घरांबद्दल अवाक्षर नाही. म्हणाले, “बंदर लहान आहे. वारा सुटला की होड्या वर ओढत असतील. ती मधली जागा मोकळी ठेवलीय ना, ती त्यासाठीच.” मी नंतर शोधलं. खरंच, समुद्र खवळला की तिथले कोळी होड्या गावातल्या चौकात आणून ठेवतात.

तेव्हापासून माझ्या डोक्यात वेगळंच चाललंय. बाबा १९६६ साली बोटीने मुंबईला आले, हे आपण हजारदा ऐकलंय. जैतापूरच्या खाडीतून पडावात बसून बाहेर उभ्या बोटीपर्यंत, आणि तिथून भाऊच्या धक्क्यावर. आजीने निघताना नारळ सोडला होता, कारण रामदास बोट तिच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस, रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून जास्त माणसं गेली. आपल्या गावचं त्यात कुणी नव्हतं, तरी कोकणातली आई पुढे कितीतरी वर्षं पोराला बोटीत बसवताना तेच नाव घ्यायची. हे सगळं बाबा रंगवून सांगतात. पण परवा मी विचारलं, “वाटेत काय काय दिसलं?” तर म्हणाले, “काय दिसणार? रात्र होती आणि मी ओकत होतो.”

विचार कर. पुढे बोटी बंद झाल्या, मग परळ डेपोची रातराणी, तीही अंधारातूनच. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तर ती डोंगरातून जाते. एकटा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. समुद्र म्हणशील तर खाडीचा पूल आला की तेवढ्यापुरता. म्हणजे साठ वर्षं हा माणूस किनाऱ्यालगत ये-जा करतोय आणि किनारा त्याने पाहिलेलाच नाही. पाहिलं ते एकच गाव. गिरणीची रजा गणपतीला, उरलेली शिमग्याला. १८ जानेवारी १९८२ ला संप लागल्यावर रजाच रजा होती, पण तेव्हा जायचं ते गावच्या घरी तांदूळ आणायला. हर्णै कुठे, गुहागर कुठे, हे त्यांना एसटीच्या पाट्यांवरून माहीत.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. फेब्रुवारीत आधी ही सहल करू. दादरहून सकाळची मांडवी एक्स्प्रेस, दुपारच्या आत खेड. रात्रीची बस मी मुद्दाम टाळलीय, बाबांना दोन-दोन तासांनी उठावं लागतं आणि गाडी थांबवा म्हणायला ते लाजतात. पाणीच पीत नाहीत मग. रेल्वेत ती चिंता नाही, शिवाय मांडवीतलं खाणं बरं असतं. खेडहून एसटीने दापोली, आणि मुक्काम हर्णैजवळ. तिथे किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो, बैलगाड्या थेट पाण्यात शिरून होड्यांतला माल आणतात, समोर सुवर्णदुर्ग. बाबांना तिथे खुर्ची टाकून द्यायची आणि आपण गप्प बसायचं. सुरमईचा भाव वर गेला की ते स्वतःच बोलायला लागतील.

पुढे दाभोळ. तुझं अमाल्फी एके काळी दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं प्रजासत्ताक होतं ना, तसं दाभोळही आदिलशाहीचं नावाजलेलं बंदर. आज दोन्हीकडे बाहेरची माणसं फेरीचं तिकीट काढायला रांगेत उभी असतात, फरक रांगेच्या लांबीचा. दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे, म्हणजे चिपळूणला वळसा घालावा लागत नाही. मग गुहागर, व्याडेश्वर, तो लांबच लांब किनारा. तिथे दोन रात्री राहायचं आणि काहीही ‘करायचं’ नाही. पुढे तवसाळहून दुसरी फेरी, पलीकडे जयगड. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, गणपतीपुळे, आणि शेवटी रत्नागिरी. परतीला रात्रीची तुतारी, सकाळी दादर. केशवसुतांच्या गावावरून यायचं आणि त्यांच्या कवितेचं नाव लावलेल्या गाडीने परतायचं, हे मी ठरवून केलेलं नाही, पण बाबांना सांगताना ठरवून केलं असं सांगणार आहे.

खर्चाची गंमत ऐक. एसटीत पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून फुकट, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे बाबांचे शून्य, माझे निम्मे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली ती अजून थांबलेलीच, पण पडवीतल्या खाटेसारखी खालची बर्थ मिळाली तरी मी खूश आहे. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधार कार्ड कपाटातून काढून जन्मतारीख पुन्हा वाचली. “म्हणजे कंडक्टर माझ्याकडे पैसेच मागणार नाही?” नाही. “गुहागरपर्यंत?” सगळीकडे, महाराष्ट्रात कुठेही. संजू, इतक्या वेळात ‘मला कशाला नेतेस’ हे वाक्य एकदाही आलं नाही. त्यांना स्वस्त काही नको असतं, तसे ते हौशी आहेत. त्यांना फक्त आपल्यामुळे कुणाच्या खिशाला भोक पडलं असं वाटायला नको असतं. फेरीबोटीची तिकिटं मी त्यांनाच काढायला सांगणार आहे, त्यांच्या पेन्शनमधून. गिरणी कामगाराच्या पेन्शनमध्ये दुसरं काय येतं म्हणा, पण दोन खाड्या नक्की येतात.

आता अवघड भाग. रत्नागिरीपर्यंत जायचं आणि राजापूरला, घरी, जायचं नाही.

हे वाचून तुझ्या भुवया वर गेल्या असतील. अण्णाकाकांना कळलं तर ‘दारावरून गेलात’ हे पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल. पण घरी राहायचं म्हणजे फुकट, असं तुला तिकडे बसून वाटत असेल, तर मी इथून सांगते की त्या सहलीतला सगळ्यात महाग मुक्काम तोच. निघताना चिवडा गल्लीतला दोन किलो चिवडा, मसाला, दादरहून पेढे. काकूला साडी, म्हणजे धाकट्या काकूलाही साडी. पोरांच्या हातावर नोटा; आता शंभराच्या चालत नाहीत. देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती, तिच्यावर आकडा आधीच लिहिलेला. पडवीची कौलं तुमच्या वाटणीतली आहेत हे एकदा जेवताना, एकदा झोपताना. आणि दुसऱ्या दिवशी सातबारा निघतो. बाबा तिथून परत येतात ते दोन किलो कमी होऊन. दरवर्षी गणपतीला आपण हे करतोच आणि करत राहू, मी गाव तोडायला सांगत नाही. पण एकदा, एकदाच, बाबांनी कोकणात पाहुणा म्हणून जावं. लॉजच्या बाईने ‘काका, चहा आणू?’ विचारावं आणि त्यांनी त्याबदल्यात काही देणं लागू नये, चहाचे वीस रुपये सोडून.

बाबांना हे कसं सांगायचं याची मी तयारी करून गेले होते. ऐकून घेतलं, तंबाखूची डबी बंद केली, आणि म्हणाले, “अण्णाला आपण आलो होतो हे नंतर सांगू. फोटो दाखवू नकोस मात्र.” म्हणजे माणूस तयार आहे!

दिवसांचं असं आहे. नाताळ ते ३१ डिसेंबर दापोलीत पाय ठेवायला जागा नसते. शिमग्याला कोकणात असायचं आणि घरी नाही, हे बाबांच्याने होणार नाही. एप्रिल-मेमध्ये आंबा असतो, पण ऊन आणि शाळांच्या सुट्ट्यांतले दर दोन्ही सोसवणार नाहीत. म्हणून फेब्रुवारीचा मधला आठवडा, सोमवारी निघून शनिवारच्या आत परत. शनिवार-रविवारी समुद्राकाठच्या खोल्या दीडपट होतात. मी गुहागरला एका घरगुती निवासाशी बोलले, दीड हजारात दोन खाटांची खोली, तळमजला, कमोड. ‘समुद्र दिसतो का’ हे मी विचारलंच नाही, कमोड आहे का ते दोनदा विचारलं. तूही इटलीतल्या खोल्या बघशील तेव्हा बाल्कनीआधी लिफ्ट बघ.

कारण इटली मी रद्द केलेली नाही. या सहलीत मला बघायचंय की बाबा सलग किती चालतात, बोटीत त्यांना अजून मळमळतं का, परक्या गादीवर झोपतात का, आणि कुणी ओळखत नाही अशा गावात त्यांना बरं वाटतं की भीती. गिरगावच्या मावशी ग्रुप टूरने युरोप करून आल्या, त्यांना मी खोदून विचारलं. जेवण मराठी, सोबत मराठी, सगळं व्यवस्थित. फक्त रोज सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर. बाबांना सकाळची दोन तासांची बैठक लागते, वर्तमानपत्र, चहा, संडास, पुन्हा चहा. टूर त्यांच्यासाठी नाही. तुझा बेत त्यांच्यासाठी आहे, पण तो अर्ध्या वेगाने करावा लागेल. पाच गावांऐवजी दोन. वेर्नात्सा नक्की ठेव, त्यांना तो चौक बघायचाय, तसं ते कबूल करणार नाहीत.

पैसे पाठवू नकोस. येणार असशील तर ये. तिकिटं आता ६० दिवस आधी खुली होतात, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला मला पहाटे उठून बसायचंय. एक लक्षात घे, खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा एका तिकिटावर फार तर दोघांना मिळतो, आणि त्यात पुरुष साठीचा लागतो, बाई पंचेचाळिशीची चालते. त्यामुळे मी आणि बाबा एका तिकिटावर, तू वेगळ्या. वरची बर्थ मिळाली तर कुरकुर नको. रजेचं शुक्रवारपर्यंत कळव.

तुझी,
ताई

ता. क. : बाबांच्या पासपोर्टचा अर्ज भरलाय. जन्मदाखला नाही, म्हणून गावच्या शाळेचा दाखला शोधतेय. तो अण्णाकाकांच्या ट्रंकेत आहे, तेव्हा त्यांना फोन तू कर, आणि फेब्रुवारीबद्दल एक शब्द बोलू नकोस.