डोंगराला वळसा

दर मे महिन्यात आम्ही राजापूरला जातो. 2019 साली तिकिटांचं वेटिंग काही केल्या हलेना, आणि गाडीने जायचं तर दहा-बारा तास बसायला आप्पांचे गुडघे तयार नव्हते. मुलं फुगून बसली. त्यांच्या वर्गातलं कोणी मनालीला निघालं होतं, कोणी सिंगापूरला. तेवढ्यात बोरिवलीहून आत्याचा फोन आला. "आमच्याकडे या की रे! शनिवारी बालनाट्य आहे, तिकिटं काढून ठेवते."

"बोरिवली म्हणजे काय ट्रिप?" धाकटीने विचारलं.

प्रश्न रास्त होता. मुलुंडकराला बोरिवली म्हणजे दादरला उतरायचं, पूल ओलांडायचा आणि जेवढं खाली आलो तेवढंच पुन्हा वर जायचं. मधे डोंगर आहे ना. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसतो, संध्याकाळी सूर्य त्याच्यामागे जातो. त्याच्या पलीकडे, पक्ष्याला विचाराल तर बारा-एक किलोमीटरवर, आत्या राहते. इतक्या वर्षांत तिच्याकडे लग्नाला, बारशाला गेलो ते दादरमार्गेच. या वेळी ठरवलं, घोडबंदरवरून जायचं आणि अंधेरीवरून परतायचं, म्हणजे डोंगराला पुरती प्रदक्षिणा.

"मग डोंगर उजव्या हाताला हवा. तुमचं उलटं चाललंय," आई म्हणाली. पण सुलट्या प्रदक्षिणेत ठाणं शेवटी आलं असतं, आणि मिसळ ही सकाळची गोष्ट. आईचा आक्षेप ऐकून घेतला आणि निघालो.

ठाण्याची मामलेदार मिसळ मामलेदार कचेरीपाशी मिळते, म्हणून ते नाव. तिथे तिखट, मध्यम की कमी एवढंच विचारतात. थोरला दहा वर्षांचा. आप्पांनी 'तिखट' म्हटल्यावर त्यानेही तेच म्हटलं आणि पुढे वीस मिनिटं तो कोणाशीच बोलला नाही.

घोडबंदर रस्त्याला लागलो आणि गाडीचा एसी बंद पडला. मेट्रोच्या कामाचे पत्रे, एकच गल्ली, पुढे टँकर, बाहेर मे महिना. बायकोने माझ्याकडे पाहिलं. एसी एप्रिलमध्येच दाखवून घ्यायला तिने सांगितलं होतं, त्यामुळे तिला बोलायची गरज पडली नाही. गायमुखच्या पुढे मात्र उजवीकडे वसईची खाडी उघडली, डावीकडे झाडी दाटली आणि खिडक्यांतून वारा आला. एसी चालू असता तर काचा बंद राहिल्या असत्या, हे मी म्हणून पाहिलं. कोणी दाद दिली नाही.

आत्याकडे आमरस चापून पाच वाजता प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात. नाटक 'अलबत्या गलबत्या'. रत्नाकर मतकरींचं हे जुनं नाटक 2018 मध्ये नव्याने रंगमंचावर आलं होतं. एके काळी यातली चेटकीण दिलीप प्रभावळकर करायचे, नव्या संचात वैभव मांगल्यांनी ती गाजवली. चेटकीण पुरुषानेच करायची, हे मला फार पटतं. मुलं घाबरतात आणि तेवढ्यात फसवणूक ओळखून हसतातही.

मोठ्यांच्या नाटकाला प्रेक्षक नाटक बघतात. बालनाट्यात अर्धं नाटक खुर्च्यांत चालतं. मागच्या रांगेतला एक मुलगा चेटकिणीला मोठमोठ्याने कायदेशीर कारवाईची धमकी देत होता. धाकटी पहिल्याच प्रवेशाला आत्याच्या पदरात शिरली आणि एका डोळ्याने बघत राहिली. थोरला "हे लहान मुलांसाठी आहे" असं बजावून आला होता. मध्यंतरात बटाटेवडा खायला बाहेर यायला तोच तयार नव्हता, कारण पडद्यामागे काहीतरी हललेलं त्याला दिसलं होतं.

सकाळी सहाला धाकटीने मला हलवून उठवलं. आत्याच्या गॅलरीतून डोंगर दिसतो. "बाबा, सूर्य इकडून का येतोय?" आमच्याकडे ज्याच्यामागे तो बुडतो, त्याच डोंगरामागून इथे वर येत होता. मी पूर्व-पश्चिम समजावू लागलो. ती म्हणाली, "म्हणजे रात्रभर तो आत असतो." मी पुढे काही बोललो नाही.

या डोंगरावरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे जवळपास 104 चौरस किलोमीटर जंगल. उन्हं चढायच्या आत उद्यानाच्या बसने आम्ही कान्हेरीला पोचलो. इथे शंभरावर लेणी आहेत, हजार वर्षं माणसं इथे राहिली, कोरत राहिली. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातल्या उंच बुद्धमूर्तींपुढे सगळे थांबतात, आम्हीही थांबलो. आप्पा मात्र बाहेरच एका टाक्यापाशी वाकून बसले होते.

आप्पांनी तेहतीस वर्षं महापालिकेच्या जलखात्यात काढली, त्यातली बहुतेक भांडुप संकुलात, याच डोंगराच्या आमच्या बाजूला. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा, हे ते घरच्यांचे वाढदिवस सांगावेत तसे सांगतात. दोन्ही तलाव याच जंगलात. आणि इथे लेण्यालेण्यापाशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं, त्यात वरच्या कातळावरून पाऊस आणणारे पन्हळ. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. गुडघे विसरून आप्पा पायऱ्या चढले, पन्हळाचा उतार बोटाने तपासला, भर मे महिन्यात एका टाक्यात पाणी सापडल्यावर मला हाक मारली. "बघ. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, ओव्हरटाइम नाही." इतकी वर्षं त्यांनी पलीकडच्या बाजूने याच डोंगराचं पाणी शहराला पाजलं आणि इकडे ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते. मला जरा लाज वाटली.

उतरताना आदिवासी बायकांकडून द्रोणातली करवंदं घेतली. आत्याकडच्या पिठलं-भातानंतर परतीला लागलो.

अंधेरीला गिल्बर्ट हिल पाहायची हट्टाची मागणी बायकोची. काळ्या बेसॉल्टचा सरळसोट सुळका, दोनशे फुटांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दिसायला असाच एक अमेरिकेत वायोमिंगला आहे, तिथे त्याच्याभोवती मोकळं रान राखलंय. आपल्याकडे झोपड्या आणि इमारती पार बुंध्याला टेकल्यात. माथ्यावर गावदेवीचं देऊळ. आई आणि आप्पा खाली गाडीत बसले. आम्ही वर गेलो, तर एका बाजूला विमानं उतरताना दिसत होती, आणि पुजारीबुवांनी धाकटीच्या हातावर साखरफुटाणे ठेवले.

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पूर्वेला आलो तेव्हा अंधार पडला होता. घाटकोपरची खाऊगल्ली ही मुलांची अट. तिथे डोशावर लोणी, चीज, शेझवान, भाज्या असं थरावर थर चढवून त्याचे उभे रोल कापून देतात. थोरल्याने आइस्क्रीम डोसाही मागवला. आईने एक तुकडा तोंडात टाकला, विचार केला आणि म्हणाली, "याला डोसा म्हणू नका, मग चांगला आहे."

घरी आलो तेव्हा मीटरवर 83 किलोमीटर वाढले होते. आता ठाण्याहून बोरिवलीला डोंगराखालून बोगदा खणताहेत. तो झाला की काही मिनिटांत पलीकडे. आप्पांनी चौकशी केली ती एकच, बोगद्यामुळे तलावांना काही होणार नाही ना.

तुम्ही जाणार असाल तर मिसळ मध्यम मागा, सकाळी लवकर कान्हेरी गाठा, आणि सोमवारी जाऊ नका. सोमवारी उद्यान बंद असतं.