आधी मीटर लावा

महाराष्ट्रात इन्व्हर्टर माहीत नाही असं घर आता विरळाच. लाइट गेली की बॅटरीतली वीज पंख्यापर्यंत पोचवणारी ती पेटी. ट्रॅव्हल ट्रेलरमधला कन्व्हर्टर याच्या उलट काम करतो. कॅम्पग्राउंडच्या खांबावरून येणारी 120 व्होल्टची एसी वीज घ्यायची आणि तिची 12 व्होल्टची डीसी करायची. दिवे, पाण्याचा पंप, गॅसगळतीचा अलार्म, फर्नेसचा पंखा, सगळं त्या 12 व्होल्टवर. शिवाय हीच पेटी बॅटरी चार्ज करते. हे दुसरं काम लोक विसरतात आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथंच असतं.

मी इंडियानात, एल्कहार्टजवळ, ट्रेलरच्या विजेची कामं करते. अमेरिकेतले बहुतांश ट्रेलर याच पट्ट्यात तयार होतात. हिवाळाभर झाकून ठेवलेले ट्रेलर एप्रिलमध्ये बाहेर निघतात आणि फोन सुरू होतात. दिवे मंद आहेत, कन्व्हर्टर गेलाय, नवा बसवून द्या. पुष्कळदा नवा मागवूनही ठेवलेला असतो. तरी मी स्क्रूला हात लावत नाही. आधी मीटर.

प्लग काढलेला असताना, बॅटरी तासभर निवांत राहिली की तिच्या टोकांवर मीटर लावायचा. लेड अ‍ॅसिडची भरलेली बॅटरी 12.6 च्या वर दाखवते, 12.0 म्हणजे निम्म्याहून जास्त उतरलेली. मग प्लग लावायचा. आकडा 13 च्या वर चढला तर कन्व्हर्टर जिवंत आहे. चढला नाही, तर मीटर थेट कन्व्हर्टरच्या टोकांवर न्यायचा. तिथं 13.6 आणि बॅटरीवर मात्र 12.4 असेल, तर पेटीला बोल लावण्यात अर्थ नाही. खोट वाटेत आहे. इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ ट्रेलरच्या खाली उडतं आणि चासीला जोडलेली निगेटिव्हची तार बोल्टपाशी गंजते. ब्रश मारून धातू चकचकीत केला, तारेच्या टोकाला नवा लग क्रिम्प करून बसवला, की त्याच जुन्या कन्व्हर्टरवर बॅटरी भरू लागते.

काळ्या तारेचा घोळ वेगळाच. कोल्हापुरात मी वायरिंग शिकले तेव्हा काळी म्हणजे न्यूट्रल. अमेरिकेत 120 व्होल्टमध्ये काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल. गाडीच्या बॅटरीला लाल प्लस आणि काळी मायनस. आणि त्याच ट्रेलरच्या 12 व्होल्टच्या वायरिंगमध्ये बहुधा काळी प्लस, पांढरी मायनस! गाडीची बॅटरी बदलायची सवय असलेला माणूस काळी तार बिनधास्त मायनसला लावतो. ठिणगी उडते आणि कन्व्हर्टरवरचे दोन फ्यूज जातात. ते याचसाठी ठेवलेले असतात: बॅटरी उलटी लागली तर त्यांनी जळायचं, पेटी वाचवायची. काही डॉलरचे ते फ्यूज न तपासता शेकडो डॉलरचा कन्व्हर्टर बदललेला मी पाहिला आहे. दर वेळी वाईट वाटतं.

एवढं करूनही पेटीच गेलेली निघते तेव्हा मात्र मी हौसेने बदलते. जुने कन्व्हर्टर म्हणजे जड ट्रान्सफॉर्मर, रात्रभर चालणारी घरघर आणि बहुधा 13.8 च्या आसपास अडकलेला एकच व्होल्टेज. महिनोन्महिने प्लग लावून ठेवला तर बॅटरीतलं पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात. मालकाला वाटतं, प्लग लावलाय म्हणजे बॅटरी सुरक्षित आहे. नवे कन्व्हर्टर टप्प्याटप्प्याने देतात: भुकेल्या बॅटरीला 14.4, मग 13.6, आणि भरल्यावर 13.2. लिथियम बसवली असेल तर वेगळा प्रोफाइल लागतो, कारण ती पूर्ण भरायला 14.2 ते 14.6 हवेत. शिवाय शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, आणि इंडियानात हे पदोपदी आठवावं लागतं. म्हणून कन्व्हर्टर निवडताना मी अँपिअर नंतर बघते, बॅटरी कोणती हे आधी विचारते. पूर्ण मेलेला कन्व्हर्टर लगेच कळतो. अर्धवट चालणारा गुपचूप बॅटरी संपवतो, म्हणून मला तो जास्त घातक वाटतो.

पेटी बहुधा जमिनीलगत असते, पलंगाखाली किंवा जेवणाच्या बाकाखाली. गुडघ्यावर बसून, टॉर्च दातात धरून काम. आधी खांबावरचा प्लग काढायचा. नुसता ब्रेकर पाडून भागत नाही. मग बॅटरीची मायनस सोडायची आणि दोन्ही बाजू मीटरने मेलेल्या आहेत याची खात्री करायची. चौकोनी खाचेचे स्क्रू काढून पेटी पुढे ओढली की मागच्या पंख्यात कुत्र्याचे केस आणि धुळीचा नमदा सापडतो. एखाद्या लगपाशी इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालेलं दिसतं. नाक जवळ नेलं तर जळका वास अजून येतो. तिथं स्क्रू सैल होता. सैल जोडात रोध वाढतो, रोधाने उष्णता, आणि रस्त्याचे हादरे तो जोड आणखी सैल करत राहतात. म्हणून प्रत्येक तार कसल्यावर मी ती ओढून बघते आणि पहिल्या लांब प्रवासानंतर पुन्हा कसायला सांगते.

एका गोष्टीत मी कुणाचं ऐकत नाही. ट्रेलरच्या पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कधीही एकत्र बांधायचे नाहीत. ट्रेलर रबरी टायरांवर उभा असतो. दोन्ही बांधले आणि वाटेत न्यूट्रल तुटला किंवा खांबावर उलटा जोडला गेला, तर अख्खं धातूचं अंग जिवंत होऊ शकतं. पावसाने भिजलेल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराची मूठ धरणारं पोर डोळ्यांपुढे आणा, मग न्यूट्रल आणि अर्थच्या पट्ट्या वेगळ्या का, ते समजावून सांगावं लागत नाही.

आणि हे सगळं नुसत्या दिव्यांसाठी नाही. धावता ट्रेलर गाडीपासून सुटला, तर पुढच्या दोरीने एक पिन खेचली जाते आणि चाकांचे इलेक्ट्रिक ब्रेक लागतात. ते ब्रेक ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर लागतात. त्या बॅटरीला वेळेवर वीज देणं हे कन्व्हर्टरचं काम.

उन्हाळ्यात राष्ट्रीय उद्यानं बघायला ट्रेलर घेऊन निघणारी मराठी कुटुंबं आता इथं बरीच भेटतात. तुम्ही त्यांतले असाल तर सामानात एक साधा मल्टिमीटर ठेवा. निघण्याआधी प्लग काढून एकदा आणि लावून एकदा, असे दोन आकडे लिहून घ्या. मग ट्रेलर गाडीला जोडून, दोघांमधली विजेची केबल सोडून, ती पिन ओढा आणि गाडी हळूच पुढे घ्या. चाकं अडली तर पिन आणि केबल पुन्हा लावून निघा. नाही अडली, तर त्या दिवशी निघू नका.