वेडा राघू

मराठीत कुणाची अक्कल काढायची असली की आपण थेट जनावरांकडे जातो. ज्याला समजत नाही तो बैल, राबूनही ज्याला कुणी विचारत नाही तो गाढव, पुढच्याच्या मागे मुकाट जाणारी ती मेंढरे. पाखरेही यातून सुटलेली नाहीत. तारेवर बसून माशा टिपणाऱ्या एका इवल्या हिरव्या पाखराचे आपण नावच ठेवले, वेडा राघू. आमच्या कंधारला मन्याड नदीच्या काठाने चालत गेलात तर हा वेडा हमखास भेटतो.

पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे मिलिंद वाटवे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेड्याची परीक्षा घेतली. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. हा पक्षी मातीत बीळ करून अंडी घालतो आणि जवळ माणूस असला की आत शिरायला कचरतो. संशोधकांनी फक्त माणसाच्या उभे राहण्याची जागा बदलली. एका जागेवरून माणसाला बीळ दिसे, दुसरीवरून दिसत नसे. पक्ष्याला मात्र माणूस दोन्हीकडे दिसे. बीळ माणसाच्या नजरेत असले की पक्षी अडून बसे, नसले की त्या मानाने सहज आत जाई. म्हणजे समोरच्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा काहीतरी अंदाज त्याला होता. याला 'मन जाणणे' म्हणावे की नुसती सवय, यावर जाणकारांत वाद आहेत. पण नाव ठेवणाऱ्याने पक्ष्याला जितके पाहिले, त्याहून पक्ष्याने माणसाला अधिक पाहिले होते, एवढे तरी म्हणता येते.

हे वाचले तेव्हा मला माझे थोरले भाईजान आठवले. आमच्या घरात दखनी, शाळेत मराठी. दखनीत नपुंसकलिंग नाही. 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून भाईजान वर्गात 'माझी पुस्तक' म्हणायचे. वर्ग हसायचा. गुरुजींनी त्यांच्यावर 'ढ' हा शिक्का मारला आणि चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. व्याकरणाची चूक अकलेच्या खात्यावर जमा झाली, ती कायमची.

याच भाईजानना अब्बा माळेगावच्या जत्रेला सोबत न्यायचे. खंडोबाची ही जत्रा जनावरांच्या बाजारासाठी लांबवर प्रसिद्ध आहे आणि आमच्या गावाचे नाव लावणारा लाल कंधारी बैल तिथला मान मिळवतो. रुमालाखाली बोटे धरून सौदे व्हायचे. तोंडाने एक आकडा नाही, कागद नाही. भाईजान समोरच्याच्या बोटांवरून भाव ओळखत, डोळ्यांवरून त्याची घाई ओळखत आणि बैलाच्या चार पावलांवरून तो जुवाच्या कोणत्या बाजूला चालेल ते सांगत. त्यांचे एक म्हणणे असे, "जनावर पहले आदमी कू पढता, बाद में काम करता."

त्यांनी बर्लिनच्या हान्सचे नाव कधी ऐकले नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा घोडा खूर आपटून गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले किंवा तो घोड्याला दिसत नसला, तर घोडा चुकतो. बरोबर आकड्याशी येताच माणसाच्या चेहऱ्यात, मानेत जो बारीकसा फरक पडे, तो पाहून घोडा थांबत असे. लोक म्हणाले, फसवणूक उघड झाली. भाईजान म्हणाले असते, यहीच तो अक्कल है.

मुलांची बुद्धी मोजण्याची पहिली उपयोगी चाचणी पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी, हा तिचा हेतू होता. ती आपल्याकडे आणणाऱ्या व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी तिची मांडणी नव्याने केली. फ्रेंच मुलाची फूटपट्टी मराठी मुलाला जशीच्या तशी लावता येत नाही, हे त्यामागचे शहाणपण. पण मराठी फूटपट्टीने दखनी मूल मोजले गेले, तर त्याची दाद कुठे मागायची?

आता मोजणाऱ्यांत यंत्रेही आली आहेत. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली सुचवले की यंत्राशी लेखी संवाद करावा आणि ते माणसापासून वेगळे ओळखता आले नाही, तर ते विचार करते असे मानायला हरकत नसावी. पुन्हा कसोटी भाषेचीच. १९९७ मध्ये डीप ब्ल्यू या संगणकाने बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवले. हान्स मोरावेक यांनी १९८८ सालीच लिहून ठेवले होते की प्रौढांच्या बुद्धीचे खेळ यंत्राला शिकवणे सोपे, वर्षाच्या पोराचे पाहणे-चालणे शिकवणे अवघड. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि यंत्र सफाईने बोलूही लागले. त्याचे बोलणे माणसांनी लिहून ठेवलेल्या मजकुराच्या डोंगरावर उभे आहे. जी बोली कागदावर फारशी आलीच नाही, बाजारात, उरुसात, चुलीपाशीच जगली, तिचे माप तिथे किती असणार?

माझ्या पुतणीने एकदा भाईजानच्या तोंडापुढे मोबाईल धरला. ते दखनीत बोलले, पडद्यावर भलतेच उमटले. ते हसून म्हणाले, "इसकू बी ढ बोलूँ क्या?"

आम्ही हसलो, पण नंतर मला ते हसण्यासारखे वाटेना. नोकरीचे अर्ज चाळायला आज यंत्रे बसवली जात आहेत. उद्या कुठल्या पोराचे 'माझी पुस्तक' त्यांच्यासमोर आले तर ते काय ठरवतील? गुरुजींना निदान घरी येऊन भेटता आले असते.

दहाव्या शतकात बसऱ्याच्या इख्वानुस्सफा या विद्वानांच्या मंडळाने एक कथा लिहिली. तिचे इक्राम अलींनी केलेले उर्दू भाषांतर १८१० मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातून निघाले. त्यात जनावरे जिन्नांच्या बादशहापुढे माणसावर दावा लावतात. माणूस आपल्या अकलेचे, कारागिरीचे, राज्यांचे दाखले देतो आणि जनावरे एकेक खोडून काढतात. शेवटी माणसाच्या बाजूने निकाल लागतो तो यामुळे की मेल्यावर त्याला पुन्हा उठायचे आहे आणि केल्याचा हिशेब द्यायचा आहे.

मला हा निकाल पटतो. बैल, राघू आणि यंत्र यांच्यात कोण किती हुशार याची चौकशी जरूर व्हावी, ती रंजकही आहे. पण बैलाला, राघूला, यंत्राला कुणी जाब विचारणार नाही. कुणाच्या कपाळावर 'ढ' लिहिले गेले, तर ते हाताने लिहिलेले असो की यंत्राकरवी, त्याचा हिशेब माणसालाच द्यावा लागेल.