सुकतीच्या पाण्यावर

प्रत्येक हॉस्टेल ग्रुपची एक ट्रिप असते, जी फर्स्ट इयरला कट्ट्यावर ठरते आणि डिग्री हातात पडेपर्यंत होत नाही. आमची होती मालवणची. दर सेमिस्टरला कुणाची तरी एटीकेटी, कुणाचं सबमिशन, कुणाच्या बहिणीचं लग्न. शेवटी थर्ड इयरचा शेवटचा पेपर टाकला आणि त्याच रात्री आम्ही तिघे यष्टीत बसलो. डब्या, सर्किट आणि मी. फोंडाघाट उतरून पहाटे कणकवली आणि तिथून मालवण. चौथा मेंबर, म्हणजे मालवण्या, आधीच घरी पोचला होता. त्याचं घर खरं तर मालवणात नाही, देवबागला आहे. पण हॉस्टेलला एवढा भूगोल कुठे कळतो!

मला हॉस्टेलवर सगळे 'टँकर' म्हणतात, कारण मी लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा मी शाळेत होतो. ज्याने पाणी रेल्वेने येताना पाहिलंय, त्याला पोहता येत नाही यात नवल ते काय?

आता खरी अडचण सांगतो. मालवण्या आणि मी सहा महिने धड बोलत नव्हतो.

झालं असं. पाचव्या सेमला आमचा मिनी प्रोजेक्ट होता हॉस्टेलच्या टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा मीटर. सर्किट, सोल्डरिंग, टाकीवर चढून सेन्सर बसवणं, सगळं मालवण्याने केलं. रिपोर्ट मी लिहिला. व्हायवाला एक्सटर्नलनी त्यालाच तत्त्व विचारलं. त्याला येत होतं, पण इंग्रजीत शब्द सापडेना. दोन सेकंद गेले असतील. मी मधेच म्हणालो, "सर, मी सांगतो," आणि सगळं सांगून टाकलं. सर त्याच्याकडे बघून म्हणाले, "मग तू काय केलंस?" त्याच्याआधी मीच हसून बोललो, "सर, याने सोल्डरिंग केलं."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण रात्री मेसमध्ये मी त्याच्या अडखळण्याची नक्कल करून दाखवली. टेबल हसलं. मालवण्याने ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलावर गेला. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे "मेसचं बिल भरलंस?" आणि "हो." तरी ट्रिप ठरली तेव्हा त्याने ग्रुपमध्ये सगळ्यांना बोलावलं. मला वेगळं 'ये' म्हणाला नाही, आणि 'येऊ नको' असंही नाही.

देवबाग म्हणजे एक चिंचोळी पट्टी. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे माडांच्या सावलीत घरं. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. मालवण्याच्या बाबांची तिथे फायबरची बोट आहे. मासेमारी आणि सीझनमध्ये पर्यटक, दोन्ही करतात. पहिल्या दिवशी आम्ही सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं हे पाठ होतं. पण चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूध, दही आणि साखर नावाच्या, हे बघून लातूरचा माणूस कठड्याला टेकूनच उभा राहिला.

संध्याकाळी सर्किटने विचारलं, "काका, उद्या किती वाजता?" काका म्हणाले, "उद्या दशमी. साडेसातांक पाणी भरतला. पावणेसहाक भायर पडाया." आम्ही बघतच राहिलो. मालवण्याने समजावलं, तिथीला पाऊणने गुणायचं. दशमी म्हणजे दहा गुणिले पाऊण, साडेसात. त्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. अगदी काटेकोर नाही, पण बोट काढायला पुरतं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते हे आपण पुस्तकात वाचतो. इथे ते कॅलेंडर बघून तोंडी काढतात. सांगताना तो एकदाही अडखळला नाही.

सकाळी बोटीजवळ डब्याने लाइफ जॅकेट खांद्याला लटकवलं. फोटोत चांगलं दिसत नाही म्हणे. काकांनी दोर सोडलाच नाही. "जाकीट घाला पयली. नायतर मशीन चालू होवचा नाय." डब्याने मुकाट्याने पट्टे आवळले. मी तर खोलीतूनच घालून आलो होतो.

पहाटेचा मतलई वारा, सह्याद्रीमागून येणारा उजेड आणि ताटासारखा समुद्र. बोट किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे निघाली. तारकर्लीची पांढरी वाळू, मागे सुरूची झाडं. एकदा डॉल्फिनची पाठ दिसली. सर्किटने मोबाइल काढेपर्यंत ती गेलीसुद्धा. वायरीसमोर आलो तेव्हा लांबवर किल्ल्याची तटबंदी दिसायला लागली. काकांनी मशीन हळू केलं आणि किनाऱ्याकडे हात दाखवला. २०१७ च्या एप्रिलमध्ये इथेच बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे आठ जण बुडाले. बहुतेक आमच्याच वयाचे. आमच्यासारखेच ट्रिपला आलेले. पाणी आज दिसत होतं तसंच साधं दिसत होतं. "पाण्याक भियाक होया," एवढंच काका म्हणाले आणि बोट वळवली. डब्याने जॅकेटचा पट्टा परत एकदा तपासला.

पाणी ओसरायच्या आत खाडीच्या तोंडातून आत यायचं होतं. ओहोटीला नदीचं पाणी जोरात बाहेर पडतं, समोरून समुद्राची लाट येते आणि दोन्ही भिडली की लाटा उभ्या राहतात. भरलेल्या पाण्यात मात्र ते तोंड अगदी सभ्य होतं. आत शिरून आम्ही नेरूरपारच्या दिशेने वर गेलो. दोन्ही काठांना कांदळवन, वर घारी, मधेच पाग फेकणारा एखादा माणूस. नऊच्या सुमारास काकांनी मशीन बंद केलं. "सुकती लागली. आता पाणी नेता तसा जावया."

मित्रांनो, मशीन बंद झाल्यावर जी शांतता होते, ती हॉस्टेलमध्ये रात्री तीनलासुद्धा नसते. बोट आपोआप खाली सरकत होती, चालत्या माणसापेक्षाही हळू. नेटवर्क ये-जा करत होतं. डब्या झोपला. सर्किट पुढे बसून पक्षी मोजत होता. काका जाळ्याची गाठ बघत होते. मधल्या फळीवर मी आणि मालवण्या.

हॉस्टेलला भांडण झालं की सोय असते. दार आपटता येतं, दुसऱ्या रूमवर जाता येतं, ताट उचलता येतं. बोटीत कुठे जाणार? अर्धा तास मी काठावरचे माड बघितले. मग म्हणालो, "व्हायवात मी मधे बोललो, ते चुकलं. आणि मेसमध्ये जे केलं ते तर फारच."

तो पाण्याकडेच बघत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "सोल्डरिंग चांगलंच केलंय मी. मीटर अजून चालू आहे."

"हो."

"त्या रात्री तू नक्कल केलीस ना, ती बरोबर होती. म्हणून जास्त लागलं."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "पुढच्या व्हायवाला आधी मी बोलणार. अडकलो तरी तू तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडणार."

त्याने वल्हं माझ्या हातात दिलं. बोट काठाकडे सरकत होती, ती सरळ करायला सांगितली. मी भलत्याच बाजूने मारलं आणि बोट अर्धी फिरली. काका हसले, मालवण्या हसला. त्याने वल्हं परत मागितलं नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बोट सरळ झाली.

घरी बांगड्याचं तिखलं आणि भात होता. त्यात तिघांपैकी कोण किती जेवलं हे इथे न लिहिलेलं बरं.

सातव्या सेमला प्रोजेक्टचा व्हायवा झाला. मालवण्याने सुरुवात केली. छान चाललं होतं आणि एका प्रश्नाला तो अडकला. एक सेकंद, दोन, तीन. उत्तर माझ्या जिभेवर होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत बसलो.

मग त्याने अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सगळं सांगितलं. मला माहीत होतं त्यापेक्षा दोन गोष्टी जास्तच.

– अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स