साबुदाण्याचा देव

पोर्तो रिको बेटावर, डोंगरातल्या काग्वानाला ताइनो लोकांचं जुनं दगडी पटांगण आहे. कडेच्या शिळेवर बेडकीसारखे पाय फाकलेली बाई कोरलीय. ही आदिमाता आताबेय, असं म्हणतात. मला तर आपली लज्जागौरीच आठवली! तिचा मुलगा युकाहू, कसावा या कंदाचा देव. पीक यावं म्हणून तीन टोकांचे देवाचे दगड शेतात पुरत. कडू कंद विषारी, तेव्हा किसून, रस पिळून काढून मगच भाकरी भाजायची. १४९२ नंतर स्पॅनिशांच्या वेठबिगारीनं नि रोगराईनं त्या समाजाचं होत्याचं नव्हतं झालं. त्यांचा वंश सांगणारे मात्र आजही आहेत, अन् ती भाकरीही. आणि मैत्रिणींनो, आपला उपासाचा साबुदाणा त्याच कंदाचा! घरी आल्यावर सासूबाईंना भीतभीतच सांगितलं. म्हणाल्या, "मग एकादशीला त्याच्याही नावानं वाटीभर काढून ठेव."