हा आम रस्ता नाही

दिवाळीच्या सुट्टीत लोक काश्मीरला जातात, केरळला जातात. आमचा यंदाचा प्रवास एका फर्लांगाचा. आमच्या इमारतीपासून मुलुंड स्टेशनच्या वाटेवरचा बोळ, एवढाच. परंतु या प्रवासात सरहद्द आहे, पहारेकरी आहे आणि 'कुठे चाललात?' असा सवालही आहे. परदेश याहून वेगळा तो काय असणार?

मुलुंड हे उपनगरांतले शिस्तीचे गाव. क्राउन आणि कार्टर या वास्तुरचनाकारांनी १९२२ साली त्याची आखणी केली. पश्चिमेकडे गेलात तर पाटीवर रेघा ओढाव्यात तसे एकमेकांना छेदणारे सरळ रस्ते आजही दिसतील. पुढे १९५७ साली आम्ही मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलो. पण सरळ रस्त्यांनी गाव आखता येते, माणसांची चाल आखता येत नाही. दोन बंगल्यांच्या कुंपणांमधून कुणीतरी पहिल्यांदा स्टेशनकडे पळाले, मागून दुसरे पळाले आणि बोळ झाला. आमचा बोळ असाच. रुंदी आठ फूट. मी याच बोळातून शाळेत गेलो, आणि पहिल्या नोकरीची मुलाखत द्यायलाही.

गेल्या वर्षी आमच्या आवारातून दोन सायकली आणि एक स्कूटर चोरीला गेली. सोसायटीची सभा भरली. बोळाच्या दोन्ही तोंडांना फाटक बसवावे असा ठराव आला. चोर बोळातूनच आला, हे कुणी पाहिले नव्हते. पण चोराने मुख्य दरवाजातून यावे, हे सभ्य माणसांना पटत नाही. हात वर झाले. त्यांत माझाही होता. चोरीला गेलेल्या सायकलींपैकी एक आमच्या चिरंजीवांची होती.

मग चिटणीस म्हणाले, "सर, तुम्ही मराठीचे. पाटीचा मजकूर तुम्हीच द्या. शुद्धलेखनाची चूक नको."

मास्तरला आणखी काय हवे? 'खाजगी' की 'खासगी' यावर मी रात्री अर्धा तास घालवला आणि शेवटी लिहून दिले, 'हा आम रस्ता नाही. परवानगीशिवाय प्रवेश करू नये.' ऱ्हस्व-दीर्घ चोख. वाक्य खरे आहे की नाही, हे मात्र मी तपासले नाही.

पाटी लागली त्या आठवड्यात एक मावशी फाटकाशी उभ्या दिसल्या. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरून त्या येतात. पावसाळ्यात रानभाज्या, दसऱ्याला आपट्याची पाने, दिवाळीत झेंडू. माझी आई त्यांच्याकडूनच घेत असे. डोक्यावर पाटी तशीच ठेवून त्यांनी विचारले, "सर, हितं काय लिवलंय?"

मी वाचून दाखवले. माझेच वाक्य, माझ्याच तोंडाने.

"आम म्हंजी?"

"म्हणजे... सगळ्यांचा."

"सगळ्यांचा न्हाई व्हय," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, वादही घातला नाही. वळल्या आणि मोठ्या रस्त्याने वळसा घालून गेल्या. तो वळसा पंधरा मिनिटांचा आहे. मी नंतर चालून पाहिला.

त्यानंतर रविवारी मला एक छंदच जडला. बोरिवलीला वझिऱ्याच्या गल्ल्यांतून हिंडलो, अंधेरीला आंबोली गावठाणात गेलो, घाटकोपरला पंतनगर पालथे घातले. रस्त्याचा 'माझा' होतो कसा, याची एक रीत आहे. प्रथम दोन कुंड्या येतात. तुळशीला कोण हटकणार? मग कुंड्यांच्या आडोशाला स्कूटर, मग साखळी, मग पाटी, मग पहारेकऱ्याची खुर्ची आणि शेवटी फाटक. व्याकरणात सांगायचे तर रस्त्याला हळूहळू षष्ठीचा प्रत्यय लागतो.

कायदा काय म्हणतो तेही पाहिले. महापालिकेचा १८८८ चा कायदा सांगतो की, सार्वजनिक रस्ता महापालिकेच्या स्वाधीन असतो. तो कायमचा बंद करायचा तर सभागृहाची मंजुरी लागते. त्याआधी निदान महिनाभर त्याच रस्त्यावर सूचना लावावी लागते आणि लोकांच्या लेखी हरकती विचारात घ्याव्या लागतात. आमच्या बोळाला तो मान मिळाला नाही. पंचवीस हात पुरले. अर्थात प्रत्येक फाटक लबाडीचे नसते. खाजगी रस्ता हाही कायद्याला ठाऊक आहे. पुष्कळ वसाहतींतले आतले रस्ते जागामालकांचेच असतात. प्रश्न एवढाच की, आपला कोणता हे पाहिल्यावाचून पाटी लिहायची का?

न्यूयॉर्कला रॉकफेलर प्लाझा म्हणून एक खाजगी रस्ता आहे. तो लोकांना मोकळा असतो. पण वर्षातून एक दिवस मालक तो मुद्दाम बंद ठेवतात, नाहीतर लोकांच्या अखंड वापराने तो लोकांचाच ठरायचा! म्हणजे अमेरिकेतल्या धनवंतांनाही चालणाऱ्या पायांची धास्ती आहे. आम्ही मात्र तीनशे पासष्ट दिवस आपल्याच पायांनी वळसा घालतो.

मी महापालिकेत अर्ज करून जुना नकाशा मिळवला. त्यात आमच्या इमारतीची हद्द बोळाच्या अलीकडेच संपत होती. तो नकाशा घेऊन सभेत उभा राहिलो. "तुम्हीच तर पाटी लिहिलीत," चिटणीस म्हणाले. "होय," मी म्हणालो, "म्हणूनच चूक दुरुस्त करायला उभा आहे." बरीच खडाजंगी झाली. ज्यांची स्कूटर गेली ते गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. अखेर फाटके निघाली. दिवे आणि पहारा आमच्याच दरवाजाशी आले. चिरंजीवांच्या नव्या सायकलीला दोन कुलुपे आहेत.

परवा वसुबारसेला सौ.ने झेंडू आणायला पाठवले. मावशी स्टेशनजवळ बसल्या होत्या. म्हटले, "मावशी, बोळ मोकळा झाला. पाटी काढली."

"व्हय का?" त्यांनी फुले मोजून दिली, वर दोन जास्त घातली.

संध्याकाळी गॅलरीत उभा होतो. मावशी घरी निघाल्या होत्या. बोळाच्या तोंडाशी क्षणभर थांबल्या, आत पाहिले, आणि मोठ्या रस्त्यानेच पुढे गेल्या.

उद्या सकाळी मी खाली जाऊन उभा राहणार आहे. त्या आल्या की म्हणेन, "चला मावशी, मीही स्टेशनकडेच निघालोय." आणि त्यांच्याबरोबर बोळातून चालू लागेन.